शिवराईचा फिरलेला ठसा



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस रायगडावरून उतरून मी हिरकणीवाडीत एका घरी टेकलो होतो. हिरकणीवाडी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. १९९६ पासून रायगडाचा रज्जुमार्ग तेथूनच वर जातो, त्यामुळे पूर्वी जे लोक पाचाडहून चित्त दरवाज्याची वाट धरीत, ते आता या वाडीच्या अंगणात रांग लावून उभे असतात. घरच्या आजी चुलीवर भाकरी थापीत होत्या. त्यांचा नातू, विशी-बाविशीचा मुलगा, माझ्या पिशवीतले भिंग पाहून जवळ आला आणि खिशातून कागदाची पुडी काढून म्हणाला, "काका, ही दोन नाणी बघता का? आजूबाजूलाच मिळालेली आहेत म्हणून एकाने दिली. यांच्यात चूक आहे म्हणतात. लाखात एखादे असे निघते."

पुडीत दोन शिवराया होत्या. एका बाजूस तीन ओळींत श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूस दोन ओळींत छत्र, पति. एक बाजू सरळ धरून नाणे उलटले की दुसरी बाजू तिरपी येत होती. विकणाऱ्याने याला 'फिरलेला ठसा' म्हटले होते आणि त्या तिरपेपणाचे निराळे पैसे लावले होते. मुलाची एका आठवड्याची मजुरी त्यात गेली होती. आता लाखात एक असणारी वस्तू एकाच पुडीत दोन कशा, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तो मलाही लगेच पडला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. मी आधी त्याच्या 'चूक' या शब्दापाशीच अडलो, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय त्या अडखळण्यातूनच निघाला आहे.

नाण्याच्या दोन बाजू एकमेकींशी कशा लागतात, हे पाहण्यास काही साधन लागत नाही. हल्ली मोबाईलवरून पैसे देण्याच्या दिवसांत कोणाच्या खिशात नाणे असेलच असे नाही, तरी ज्यांच्यापाशी रुपया असेल त्यांनी तो काढावा. सिंहमुद्रा सरळ आपल्याकडे धरा. नाण्याचा माथा आणि पाय अंगठा व तर्जनी यांत पकडा, आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे ते डावीकडून उजवीकडे फिरवा. मागील बाजूचा आकडाही सरळच दिसेल. आपल्या देशाची नाणी अशीच पडतात. गळ्यात फितीने लोंबणारे पदक कोणत्याही बाजूने पाहिले तरी सरळ दिसावे लागते, म्हणून या जुळणीस पदक-पद्धत म्हणतात. अमेरिकेचे नाणे असेच फिरवले तर मागील बाजू डोक्यावर उभी दिसेल. ती नाणे-पद्धत. इंग्लंडची नाणी पूर्वी या दुसऱ्या पद्धतीची होती. १८८७ साली त्यांतील बहुतेक पदक-पद्धतीवर आली. दोहोंपैकी कोणतीही पद्धत चांगली किंवा वाईट नाही. टांकसाळीने एक ठरवावी आणि पाळावी, इतकेच.

आता टांकसाळीने एक नियम ठरविला, यंत्रात दोन ठसे समोरासमोर घट्ट बसविले, आणि तरी एखादे नाणे तिरपे निघाले, तर त्याला चूक म्हणणे योग्य आहे. यंत्राच्या अखंड धक्क्यांनी ठसा धरून ठेवणारा स्क्रू किंवा पाचर सैल होते आणि ठसा आपल्या जागी हळूहळू फिरू लागतो. अशा वेळी पाच अंश, पंधरा अंश, चाळीस अंश अशी वाढत्या तिरपेपणाची मालिकाच बाहेर पडते, कोणाच्या तरी लक्षात येऊन यंत्र थांबवीपर्यंत. कधी ठसा बसवितानाच वाकडा बसतो, आणि मग त्या पाळीची सगळी नाणी एकाच कोनात तिरपी असतात. दहा-पंधरा अंशांपर्यंतच्या फरकाला संग्राहक सहसा मोल देत नाहीत; नव्वद किंवा एकशे ऐंशी अंश फिरलेले नाणे मात्र हौसेने घेतात. त्या हौसेशी माझे भांडण नाही.

मुंबईच्या टांकसाळीची आजची इमारत १८२९ साली पुरी झाली आणि वाफेची यंत्रे तेथे नाणी पाडू लागली. त्यापूर्वी आपल्या देशात नाणे म्हणजे बहुतांशी हाताचे आणि घणाचे काम होते. अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या टांकसाळीतील एकेका कामगाराचे काम सांगितले आहे. एक जण धातूच्या गोल चकत्या कापतो, दुसरा त्या दोन ठशांच्या मध्ये ठेवतो, तिसरा वरून घण घालतो. खालचा ठसा ऐरणीत किंवा लाकडी ओंडक्यात पक्का रोवलेला, वरचा हातात धरलेला. घण उतरला की छापा आणि काटा एकदम उठतात, मग वरचा ठसा उचलायचा, नाणे झटकायचे, नवी चकती ठेवायची आणि ठसा पुन्हा टेकवायचा. तो टेकविताना मुठीत किती फिरला, हे कोण पाहणार? दिवसाकाठी शेकडो चकत्या हाताखालून जावयाच्या असत, आणि मजुरी नगाची. अक्षरे उमटली म्हणजे झाले.

येथे कोणी म्हणेल की हाताने ठोकायचे म्हटल्यावर ठसे जुळविणे शक्यच नसेल. तसे नाही. कुषाण राजांची सोन्याची नाणी घ्या. तीही हातानेच ठोकलेली आहेत, आणि त्यांच्या दोन्ही बाजू बहुतेक वेळा एकाच दिशेने उभ्या असतात. ठशांवर खूण करून, किंवा वरच्या ठशाला एकाच रीतीने बसेल असा आधार देऊन, हे साधता येते. म्हणजे आपल्याकडे ही कला अज्ञात होती असे म्हणता येत नाही. उलट, जोगळटेंभीचा ठेवा पाहा. नाशिक जिल्ह्यात १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला आहे. जिंकलेल्या राजाचे नाणे वितळविण्याच्या खटाटोपात न पडता त्याच्याच तोंडावर आपली मुद्रा उठविली! खाली नहपानाचा चेहरा उभा आहे की आडवा, हे घण घालणाऱ्याने पाहिले असावे असे त्या नाण्यांवरून दिसत नाही. त्याच्या मालकालाही त्याचे काही वाटले नसावे. मुद्रा उमटली, राज्य बदलल्याचे सर्वांस कळले, काम झाले.

शिवराई या दुसऱ्या घराण्यातली. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि श्री राजा शिव छत्रपति ही अक्षरे सोन्याच्या होनावर व तांब्याच्या शिवराईवर आली. पुढे साताऱ्याच्या गादीच्या नावाने आणि पेशवाईच्या अखेरीपर्यंत हीच अक्षरे तांब्यावर उमटत राहिली. त्यामुळे हाती आलेली प्रत्येक शिवराई ही महाराजांच्या हयातीतलीच, असे जे घरोघर समजतात, ते खरे नाही. अक्षरांचे वळण, चकतीची जाडी आणि वजन पाहून नाणे कोणत्या काळचे याचा अंदाज बांधावा लागतो. पेशवाईच्या उत्तरकाळातली 'दुदांडी' शिवराई तर ओळींमधल्या दोन आडव्या रेघांवरून पोरसुद्धा ओळखील. एवढ्या दीर्घ काळात, एवढ्या निरनिराळ्या टांकसाळींत पडलेल्या या नाण्यांच्या दोन बाजू कोणत्याही एका दिशेने जुळलेल्या नाहीत. कोठे सरळ, कोठे पाव फिरलेल्या, कोठे अगदी उलट.

त्या काळी नाण्याकडून राज्याची अपेक्षा काय होती, हे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील तहाची कलमे घेऊन रायगडावर आला होता. आमचे नाणे आपल्या राज्यात चालावे, असे एक कलम त्यांत होते. त्यावर महाराजांचे म्हणणे असे पडले की कोणाचे नाणे चालण्यास आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेस तोटा येईल असे नाणे घेण्याची सक्तीही आम्ही करू शकत नाही. नाण्याचा कस आणि वजन, बाकी सर्व नंतर! पेशव्यांच्या अमदानीतही तीच दृष्टी. १७४४ च्या सुमारास नागोठण्यास तांब्याची टांकसाळ घालण्याचा परवाना दिला गेला, त्यात शिवराई दहा माशांची असावी अशी अट आहे. दहा मासे म्हणजे आजचे पावणेदहा ग्रॅम. या टांकसाळींच्या कागदांवर न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ साली निबंध लिहिला. ज्यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घालून दिली तेच हे रानडे, म्हणून या व्यासपीठावरून त्या निबंधाचा उल्लेख करताना मला थोडे घरच्यासारखे वाटते. टांकसाळवाल्याने माशाला रतीभर तांबे चोरले तर तो दोषी. ठसा मुठीत फिरला म्हणून त्याला कोणी जाब विचारण्याचे कारण नव्हते.

मग जेथे नियमच नाही, तेथे चूक कशी होईल? हिरकणी त्या रात्री कड्यावरून उतरली, ती वाट चुकून नव्हे. तेथे वाटच नव्हती. शिवराईच्या तिरपेपणाला 'चूक' म्हणून विकणारा माणूस वाफेच्या यंत्राचा नियम घणाच्या नाण्याला लावतो आहे, आणि वर त्याचे दामही मागतो आहे. सरळ जुळलेली शिवराई आणि तिरपी शिवराई यांच्या किमतीत, या एका कारणाने, पैचाही फरक असता कामा नये.

यावरून आपण असे समजाल की शिवराईचा कोन मोजण्यात काही अर्थ नाही. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. पण तो मोजावा, आणि काळजीपूर्वक मोजावा, असे आता माझे मत आहे. कारण सांगण्यापूर्वी रीत सांगतो, ती घरी कोणासही करता येईल.

एक जाड पुठ्ठा घ्यावा आणि नाणे त्यात घट्ट बसेल एवढे भोक पाडावे. भोकाच्या मध्यातून जाईल अशी उभी रेघ पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांस ओढावी. श्री राजा शिव ही बाजू वर करून नाणे असे बसवावे की तिन्ही ओळी त्या उभ्या रेघेशी काटकोनात येतील. येथे विद्यार्थ्यांचा गुण्या उपयोगी पडतो. मग पुठ्ठा पुस्तकाच्या पानासारखा उलटावा. आता छत्र पति या अक्षरांचा माथा उभ्या रेघेच्या वरच्या टोकापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने किती अंशांवर आहे, ते कोनमापकाने वाचावे. अंश नको असतील तर घड्याळाचे तास सांगावे: तीस अंशांचा एक तास, माथा सरळ वर असला तर बारा, उजवीकडे आडवा असला तर तीन, खाली असला तर सहा. सुरुवात छत्र पति या बाजूने केली तरी आकडा तोच येतो, ही यातली मौज आहे. पुठ्ठा मात्र पानासारखाच उलटला पाहिजे. वरून खाली, कॅलेंडरसारखा उलटला की उत्तर बरोबर सहा तासांनी चुकते, आणि दोघां संग्राहकांच्या टिपणांत मेळ न बसण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

शिवराईच्या बाबतीत आणखी अडचणी आहेत. चकती ठशापेक्षा लहान असल्याने अक्षरे अर्धीमुर्धीच उमटलेली असतात. एका बाजूस नुसता 'जा' आणि 'शि'चा तुकडा, दुसरीकडे 'त्र'ची शेपटी, अशी नाणी मोजू नयेत. ओळीची दिशा कळण्यास निदान दोन अक्षरे शेजारी हवीत. काही नाण्यांवर दोन घाव बसलेले असतात, अक्षरांवर अक्षरे चढलेली असतात. तेथे नंतरच्या घावाची अक्षरे धरावीत. दुदांडीचे काम सोपे, रेघाच दिशा सांगतात. नाणे काढून पुन्हा बसवावे आणि असे तीनदा वाचावे. पाच अंशांचा फरक आपल्या डोळ्याचा समजावा. सरासरी काढताना जरा जपावे, कारण ३५८ आणि २ यांची सरासरी शाळेच्या रीतीने १८० येते, म्हणजे सरळ नाणे उलटे ठरते. हा प्रमाद मी स्वतः केला आहे आणि त्यावर दोन दिवस तर्कही लढविले आहेत.

आता कारण. ठसा मुठीत वाटेल तसा फिरत असेल, तर बाराही तासांना सारखीच संधी आहे. एकाच ठशांच्या जोडीतून निघालेली दोन अस्सल नाणी घेतली तर दोहोंचा तास एकच येण्याचा संभव बारांत एक. म्हणजे नवल वाटू नये इतका. पण अशी पाच नाणी घेतली, आणि पाचांचाही तास एकच निघाला, तर तो संभव वीस हजार सातशे छत्तीसांत एक होतो. ठोकणाऱ्याला ठसा एकाच रीतीने धरण्याची सवय असेल, असे कोणी म्हणेल; ते मान्य करून संभव पुष्कळ वाढवून धरला, तरी अंशन् अंश जुळणारी पाच नाणी मुठीतून निघत नाहीत. ती एका साच्यातून ओतलेली असतात, किंवा नव्या ठशांनी यंत्रात दाबलेली असतात. जो साचा एका अस्सल शिवराईवरून घेतला, त्यात त्या एका शिवराईचा कोन कायमचा अडकून राहतो. मातीत पुरून, चिंचेने घासून, पुन्हा काळे करून नाण्याचे वय वाढविता येते, पण छापा आणि काटा यांच्यातला कोन बदलता येत नाही. त्यासाठी नाणे मधून कापून दोन चकत्या पुन्हा चिकटवाव्या लागतील, आणि तो सांधा कडेवर दिसेल.

यंत्राच्या नाण्यात सारखेपणा हा अस्सलपणाची खूण आणि तिरपेपणा अपवाद. घणाच्या नाण्यात बरोबर उलट. हे एकदा ध्यानी आले म्हणजे ज्याला विक्रेता दोष म्हणून विकतो, तोच त्या नाण्याचा जामीन आहे असे कळते. एकेका नाण्यावरचा कोन म्हणजे एकेका घावाच्या वेळी मूठ कशी होती याची नोंद आहे, आणि ती नोंद दुसऱ्या नाण्याशी जुळत नाही म्हणूनच तिला किंमत आहे. शिवकालीन होन तर थोडेच उरले आहेत आणि त्यांच्या नकला पुष्कळ. तेथे ही तपासणी वजनाइतकीच आधी झाली पाहिजे. एका मित्राने मला बजावले की ही युक्ती जाहीर बोलू नका, नकली नाणी करणारे शहाणे होतील. ठशांनी दाबणारे कदाचित होतीलही. पण ओतणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही, आणि गडांच्या पायथ्याशी येणारा माल बहुतांशी ओतलेलाच असतो.

हिरकणीवाडीत मी हेच केले. भाकरी होईपर्यंत वेळ होता. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कापला, मुलाच्या धाकट्या बहिणीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. पहिल्या नाण्याचा कोन एकशे पंचवीस अंश आला, चार वाजून थोडा वर. दुसऱ्याचाही एकशे पंचवीस. मग भिंग लावले. दोन्ही नाण्यांच्या कडेला, 'श्री'च्या डाव्या हातास, एकाच जागी एकाच आकाराची चीर होती. धातूवर बारीक छिद्रे होती आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरल्यासारख्या बोथट. मुलाने ते माझ्याआधी ओळखले. तो काही बोलला नाही, पुडी घडी घालून चुलीशेजारी ठेवली.

त्याला दोन गोष्टी मात्र सांगितल्या, त्या येथेही सांगतो. रायगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. तेथे खणणे हा गुन्हा आहे. आणि जमिनीत पुरलेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा कोणास सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविले पाहिजे. "गडाच्या माळावर पावसात सापडले" असे सांगून जो नाणे विकतो, तो एकतर कायदा मोडतो किंवा थाप मारतो. बहुधा थापच.

आमचे हे बोलणे ऐकून आजी पदराला हात पुसत उठल्या आणि देव्हाऱ्यातून एक नाणे घेऊन आल्या. हळदीकुंकवाने एक बाजू भरून गेली होती. सासूच्या सासूपासूनचे आहे, म्हणाल्या. अर्ध्याहून अधिक अक्षरे चकतीबाहेर गेली होती. एका अंगाला 'राजा' आणि त्याखाली 'शि', दुसऱ्याला 'छत्र' आणि 'प'चा वरचा भाग. मी ते पुठ्ठ्यात बसवू पाहिले तर भोक मोठे झाले, म्हणून त्यांच्या तळहातावरच ठेवून घेतले आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले. सात आणि आठ यांच्या मधला तास होता. कडा कोठे जाड, कोठे पातळ, आणि एका बाजूला घणाचा घाव कलता पडल्याने चकती किंचित दबलेली.

"वाकडं हाय ना?" आजींनी विचारले. "हा मेला म्हणतो, मागची बाजू सरळ येत नाही, तर खोटं असंल."

"खरे आहे, आजी," मी म्हटले.

"म्हणजे खोटं?"

"नाही, नाणे खरे आहे. घासू मात्र नका."

त्यांनी ते कपाळाला लावले, पुन्हा देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पायाशी ठेवले, आणि भाकरी करपते आहे म्हणून नातवावरच ओरडल्या.